मालनची वाटणी

ही हकीकत लिहायला मला सानिकानेच सांगितलं. "नावं बदला सर, आणि गाव जरा सरकवा," एवढीच तिची अट. नावं बदलली आहेत. गावही किनाऱ्याने थोडं खालीवर केलं आहे, तेव्हा मी मालगुंड म्हणेन तिथे ते मालगुंड नव्हे असं समजून चालावं. बाकी सगळं तसंच आहे. जन्मभर हायस्कूलात गणित शिकवलं. नसलेलं रचून सांगायची मला सवय नाही.

सानिका ही मालनची मुलगी, आणि गोष्ट मालनची आहे.

मालगुंडच्या आमच्या वाडीत काही वाटायचं झालं की सुरी मालनच्या हातात देतात. कापा फणस असो, चौघांनी मिळून घेतलेली सुरमई असो, नाहीतर देवळातला नारळ. ती वाटे घालते आणि बाजूला होते. वाटणाऱ्याने शेवटी उचलायचं, हा तिचा नियम. मी मुळातच संशयी माणूस. एकदा तिने घातलेले वाटे दुकानात नेऊन तोलून पाहिले. फरक होता, खोटं कशाला बोलू? पण सगळ्यांत लहान वाटा तिच्याच टोपलीत गेला होता. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "तुमाला दुसरा उद्योग नाय वाटतं."

दुसरी गोष्ट म्हणजे तिला खोटं बोलता येत नाही. हा गुण आहे की खोड, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. गणपतीपुळ्याला येणारे पाहुणे तिच्याकडे घरगुती जेवण जेवायला येतात. एकदा एका कुटुंबाने विचारलं, "मासे आजचेच ना?" ही म्हणाली, "नाय, कालचे हायत. बर्फात होते." कुटुंब चपला घालून चालू लागलं. मी वैतागलो. "अगं, आजचे म्हणायला काय झालं होतं?" तर म्हणते, "इचारल्यावर काय सांगू?"

तिची धाकटी बहीण श्रद्धा तिच्या शेजारीच राहते. दोघी डोंगराकडच्या गावातल्या, इकडे सख्ख्या भावांना दिलेल्या. म्हणजे बहिणी त्याच जावा, आणि सासू त्यांची सख्खी आत्या. आत्याच्या घरी मुलगी देण्यात आमच्याकडे कुणाला वावगं वाटत नाही. पोर आपल्याच माणसांत पडली म्हणून आईबाप निर्धास्त होतात. मालनचा नवरा दीपक मालवाहू बोटीवर खलाशी, वर्षाचा बराच काळ दर्यावर. श्रद्धाचा सदू जयगडला बंदरावर कामाला. सासरा धाकू म्हातारा, उभा जन्म रापणीत, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढण्यात गेलेला. सासू वारल्यावर दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, पण अंगण एकच राहिलं. वेगळ्या चुली आपल्या नावाला. इकडे कालवण झालं की वाटी तिकडे, तिकडे घावन झाले की ताट इकडे.

सानिका बारा वर्षांची झाली आणि शाळेच्या पायऱ्यांवर पडायला लागली. आधी सगळ्यांनी तिला धांदरट ठरवलं. मग अक्षर वेडंवाकडं व्हायला लागलं. तिच्याहून दोन वर्षांनी लहान श्रद्धाचा रितेश. त्याला शर्टाचं बटण लागेना. रत्नागिरी झाली, कोल्हापूर झालं, शेवटी मुंबईला आजाराचं नाव कळलं. नाव लांबलचक आणि इंग्रजी, घरात त्याला 'तोलाचा आजार' म्हणू लागले. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या नसा हळूहळू झिजत जातात. आधी भिंतीचा आधार, मग काठीचा, मग चाकाची खुर्ची, आणि पुढे काळजालाही धोका. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्हीकडून दोष आले तरच तो उभा राहतो. एरवी पिढ्यान्‌पिढ्या मुकाट बसलेला असतो. आत्या-भाच्यांच्या त्या घरात तो दोन्हीकडून आला. लाखात एखाद्याला होणारा आजार, आणि एका अंगणात दोघांना! मी संभाव्यतेचा धडा कित्येक वर्षं शिकवला, पण तो इतका जवळ येऊन कधी उभा राहिला नव्हता.

यावर औषध नाही असं सगळीकडे ऐकून आल्यावर मुंबईच्या डॉक्टर मनस्वींचा फोन आला. एक नवं औषध आलं होतं. ते चालतं का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते बघण्यासाठी त्या देशभरातली मुलं गोळा करत होत्या. शोधून शोधून मिळाली वीस. दहांना खरं औषध, दहांना त्याच रंगाचं, त्याच चवीचं पोकळ पाणी. वर्षभर द्यायचं आणि मग फरक बघायचा.

रत्नागिरीच्या एका दवाखान्यात त्या महिन्याला एकदा येणार होत्या. पहिल्या दिवशी मालन, श्रद्धा, धाकू आणि मी असे गेलो. मी कशाला? तर संमतीपत्र वाचायला. ते मराठीत होतं म्हणतात. मला ते तीनदा वाचावं लागलं. कुणाला खरं आणि कुणाला पोकळ हे ठरवायचं कसं, ते डॉक्टरीणबाई समजावत होत्या. धाकू मधेच म्हणाला, "म्हंजे रापणीचे वाटे."

बाईंना कळेना. धाकूने सांगितलं. रापण ओढून झाली की वाळूवर मासळीचे वाटे घालतात. मग एकजण पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कोनाचा?" पाठमोरा माणूस तोंडाला येईल ते नाव घेतो. वाटा मोठा आला की लहान, भांडण नाही, कारण बघून कुणी दिलेलाच नाही.

"अगदी हेच!" बाई खूश झाल्या. "आमच्याकडे पाठ करून संगणक उभा राहतो. आणि कुणाच्या वाट्याला काय आलं, ते वर्ष संपेपर्यंत मलाही कळत नाही."

"तुमालाबी नाय?" मालनला हे पटेना.

"नाही. मला कळलं, तर खऱ्या औषधाच्या मुलाकडे मी जरा जास्त आशेने बघेन. चाचणीत गुण देताना हात सैल सुटेल."

हे मला लगेच पटलं. उत्तरपत्रिकेवर नाव दिसलं की हुशार मुलाचा अर्धा गुण वाढतो, हे मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे. परीक्षेत नुसते नंबर उगाच नसतात.

मग मी संमतीपत्र वाचलं. 'सदर औषध अन्य कोणत्याही व्यक्तीस देण्यात येऊ नये.' दोघींनी माना डोलावल्या, सह्या केल्या. संत्र्याच्या वासाचं ते पातळ औषध, बाटल्यांवर नंबर, दोघींच्या पिशव्यांत सारख्या बाटल्या. घरी येताना धाकू गाडीत दोनदा म्हणाला, बाई हुशार हाय.

महिने गेले. सानिका होती तशीच होती, कदाचित थोडी उतरलेली. रितेशचं पडणं मात्र कमी झालं. श्रद्धा त्याच्या चालण्याकडे बघायची आणि देवाला हात जोडायची. मालनही जोडायची. त्या अंगणात इतक्या दिवसांनी जरा हसू ऐकू यायला लागलं होतं, आणि मलाही ते बरं वाटत होतं.

पावसाळा सरला, तेव्हा बाईंनी सगळ्या आईबापांना बोलावलं. रितेशला ताप होता म्हणून श्रद्धा आली नाही. माझ्या जुन्या गाडीतून मालन आणि मी गेलो. बाई म्हणाल्या, वर्ष संपलं की दोन गट शेजारी ठेवून बघणार. फरक दिसला तर रस्ता उघडेल, सगळ्याच मुलांना औषध मिळेल. दिसला नाही तर कंपनी हे औषध गुंडाळून ठेवेल. इतक्या थोड्या रुग्णांसाठी दुसऱ्यांदा कोणी उभं राहत नाही.

परत येताना आरे-वारेच्या रस्त्यावर मालनने विचारलं, "सर, फरक नाय दिसला म्हंजे औषधात काय नाय, असंच ना?"

निवृत्त मास्तराला कुणी प्रश्न विचारला की त्याचं काय होतं, ते घरच्यांना विचारा. मी गाडी हळू केली आणि सुरू झालो. "असंच काही नाही. वर्गात मी मुलांना दहा-दहा वेळा नाणं उडवायला लावायचो. दरवर्षी कुणाला तरी आठ छापे पडायचे, आणि तो शपथेवर सांगायचा की नाणं खोटं आहे. नाणं खरंच असायचं. दहा म्हणजे फारच थोडे गं. मधुमेहाच्या औषधाला हजारो माणसं मिळतात. कोणी गोळ्या विसरलं, कोणी फेकून दिल्या, तरी त्या गर्दीत खपून जातं. इथे एकेक मूल भारी आहे. एखादं मुळातच हळू खंगणारं, एखादं झपाट्याने. ती चुकून एकाच बाजूला जमली तरी हिशेब फसतो."

ती लक्ष देऊन ऐकत होती. मला चेव आला. "आता असं समज. दोन भांडी सोलकढी आहे. एकात मीठ घातलंय, एकात नाही. चाखून सांगायचं, मिठाने चव बदलते का. पण कुणा शहाण्याने दोन्ही भांडी एकत्र ओतली आणि पुन्हा दोन भरून ठेवली, तर? दोन्हीकडे सारखीच लागणार. आणि आपण खुशाल म्हणणार, मिठाने काही होत नाही!"

उदाहरण मला फार आवडलं. बघतो तर मालनचा चेहरा पांढराफटक.

"गाडी थांबवा, सर."

मला वाटलं मळमळतंय. ती उतरली, रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली, आणि समुद्राकडे बघत म्हणाली, "त्यो शहाना म्हंजे मी."

पहिल्या महिन्यापासून हे चाललं होतं. बाटल्या घरी आल्या की मालन स्टीलचं पातेलं घ्यायची, दोघांच्या बाटल्या त्यात ओतायची, डाव फिरवायची आणि नरसाळ्याने पुन्हा भरायची. रापणीचे वाटे घरी आल्यावर त्या अंगणात नेहमी हेच व्हायचं. वाळूवर वाटा नशिबाने पडायचा. घरी आल्यावर दोन्ही टोपल्या एकात ओतून मालन नव्याने दोन करायची. एका घरात बांगडे आणि दुसऱ्यात नुसता कचरा, असं तिने कधी होऊ दिलं नव्हतं. धाकू वाटे म्हणाला तेव्हा आम्ही सगळे वाळूवरच थांबलो. मालन घरापर्यंत गेली.

मी ओरडलो. रस्त्यात ओरडलो. "मी वाचून दाखवलं होतं ना तुला? दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही म्हणून?"

"दुसऱ्याला कुठं दिलं? दोघांचंच दोघांना दिलं."

मी तिच्याशेजारी कठड्यावर बसलो. ती म्हणाली, "एका पोराला औषध आणि एकाला पानी, एकाच अंगणात? माज्यानं बघवलं नसतं, सर. पोर माजी असो नायतर तिची."

राग तर आला होता, पण तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "दोघांची एकच असली तर?"

"दोघांची खरी किंवा दोघांची पोकळ असेल, तर काही बिघडलं नाही."

"आनि येगळी असली तर?"

"तर बिघडलं. खऱ्या गटातलं एक मूल कमी सुधारलं आणि पोकळ गटातलं एक उगाच सुधारलं. दोन्ही बाजूंनी फरक कमी झाला. विसांतली दोन, मालन."

"औषध चांगलं असून वाईट ठरंल?"

"ठरू शकेल."

ती उठली. "चला. श्रद्धाला सांगायला पायजे."

त्या संध्याकाळी अंगणात जे झालं, त्याला साक्षी मी आणि धाकू. मालनने सगळं सांगितलं. श्रद्धाला मिसळण्याचं माहीत होतंच, त्याने बाईंचा हिशेब फसतो हे माहीत नव्हतं. ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "कोनाला सांगू नको."

"सांगायला पायजे गो."

"कशाला? माजा रितेश पडायचा थांबलाय. सांगितलंस तर दोघांनाबी काडतील. नायतर मिसळू नको म्हनतील. मग?"

"मग ज्याचं त्याला."

"आनि पोकळ कोनाचं असंल?" श्रद्धाचा आवाज चढला. "बोल ना. एवढी वाटनी करतंस सगळ्या वाडीची. पोकळ कोनाच्या पोराला घालतंस, ते बोल."

मालन रडायला लागली. मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. "मला नाय म्हाईत," ती म्हणाली. "माजीच्या वाट्याला पानी असंल तर मी पाजीन. पन सगळ्या पोरांचं औषध माज्या पातेल्यात बुडालं, हे नाय मला सोसायचं. ती बाकीची कुठली कुठली पोरं, त्यांच्या आया हायतच ना?"

"त्या आया तुज्या बहिनी हायत का?" श्रद्धा म्हणाली आणि आत गेली. दार लावलं. त्या अंगणातलं दार दिवसाउजेडी लागलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालनने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. समोर बसून मी ऐकत होतो. तिने काही आडपडदा ठेवला नाही, आपल्या बाजूने एक शब्द सांगितला नाही. फक्त, "श्रद्धानं नाय केलं, मी केलं," एवढं दोनदा म्हणाली. मग बाईंनी फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. त्यांचा आवाज थकलेला होता. रागावल्या नाहीत, आणि शाबासकीही दिली नाही. मला ते आवडलं.

मला वाटलं होतं दोघांची नावं खोडतील. तसं नसतं म्हणे. ज्या गटात नाव पडलं, त्याच गटात मूल शेवटपर्यंत मोजायचं, त्याने औषध घेतलं, सांडलं की मिसळलं तरी. मी कारण विचारलं. बाई म्हणाल्या, "सोयीचं नाही त्याला वगळायला लागलो, तर प्रत्येक वेळी वगळायला काहीतरी सापडतं सर. मग उरतात ती आपल्याला हवी तशी मुलं." म्हणजे झालेली चूक जशीच्या तशी पोटात घेऊन बेरीज करायची. त्याशिवाय या दोघांना सोडून एक वेगळी बेरीजही त्या करणार होत्या, आणि काय घडलं ते उघड लिहिणार होत्या. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या वेळी एका घरची मुलं एकाच गटात घालू. हे आम्हालाच सुचायला हवं होतं."

त्या दिवसापासून पातेलं बंद झालं. ज्याची बाटली त्याला.

आणि महिन्याभरात रितेश परत पडायला लागला.

त्याने काय सिद्ध होतं? काहीच नाही. ताप येऊन गेला होता, वाढीचं वय होतं, आजाराचे असे चढउतार असतातच. मी हे श्रद्धाला सांगायला गेलो आणि अर्ध्यातून परत आलो. आईला असलं सांगता येत नाही. एकदा तो अंगणात पडला, तुळशीपाशी. मालन धावली. श्रद्धा तिच्या आधी पोचली होती, तिने वर बघितलंही नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "आमचं आमी बघू." मालन तिथेच उभी राहिली, हात पुढे केलेलेच. वाटी-ताटांची ये-जा तर थांबलीच होती. धाकू दुपारी एकीकडे जेवायचा आणि रात्री दुसरीकडे, आणि दोन्हीकडे कमी जेवायचा.

मी मालनला एकदा विचारलं, पस्तावतेस का? तिने थोडा विचार केला. "मिसळलं त्याचा पस्तावा नाय," म्हणाली. "सांगितलं त्याचाबी नाय. दोनी गोष्टी केल्या त्याचा हाय." हे गणितात बसत नाही, पण मला कळलं.

निकाल पुढच्या उन्हाळ्यात आला. बाईंनी एकेका कुटुंबाला वेगळं बोलावलं, कारण कुणाच्या बाटलीत काय होतं ते ज्याचं त्यालाच सांगायचं असतं. श्रद्धा आणि सदू सकाळी जाऊन आले. दुपारी मालन, मी आणि सानिका. ती आता सोळाची होती, वॉकर घेऊन चालत होती, आणि नको म्हणालीस तरी मी येणार, असं तिने आईला बजावलं होतं.

"औषधाच्या बाजूने कल दिसतोय," बाई म्हणाल्या. "खऱ्या गटातली मुलं कमी उतरली. पण हे नुसत्या योगायोगानेही झालं नसेल, असं छातीठोक म्हणावं एवढा फरक नाही."

"आमी मिसळलं नसतं तर?" मालनने विचारलं.

"कदाचित म्हणता आलं असतं. कदाचित तरीही नाही. तुम्हा दोघांना सोडून बेरीज केली तर फरक थोडा वाढतो, पण मुलंही कमी होतात. खरं सांगते, मला माहीत नाही."

मात्र औषध गुंडाळलं जाणार नव्हतं. दुसऱ्या देशांतली मुलं घेऊन मोठी चाचणी होणार होती, आणि तोवर या विसांनाही खरं औषध देत राहायला कंपनी तयार झाली होती. मी मनात हुश्श केलं. मग बाईंनी कागद उलटला. "सानिकाची बाटली खरी होती."

मालनने तोंडावर हात ठेवला. "म्हंजे मी हिचं अर्धं..."

"अर्ध्या औषधाने तिचं किती नुकसान झालं, झालं का, हे मी सांगू शकत नाही," बाई हळू म्हणाल्या. "एका मुलावरून ते कुणीच सांगू शकत नाही."

रितेशचं विचारायची गरज नव्हती. त्याचीही बाटली खरी असती तर श्रद्धा सकाळी नाचत आली असती.

घरी पोचलो, सानिका पडवीत खुर्चीवर टेकली, मालन पायरीवरच बसली. मी निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. श्रद्धा अंगण ओलांडून आली. किती महिन्यांनी! डोळे सुजलेले. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "रितेशची पोकळ होती." मग सानिकाच्या वॉकरकडे तिची नजर गेली आणि तिथेच राहिली. "ताई, खरं सांग. सानिकाची काय होती?"

तिला काय विचारायचं होतं ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. माझं पोर इतके महिने तुझ्या पोरीचं औषध प्यायलं का?

आणि विचारल्यावर मालन काय सांगणार, हे मला ठाऊक होतं. तिने मान वर केली. ओठ उघडले. मी डोळे मिटून घेतले.

"पोकळ गं मावशी," सानिका म्हणाली. "दोघांचीपण पोकळ. आई उगाच पाण्यात पाणी ढवळत बसली होती."

श्रद्धा तिच्याकडे बघत राहिली. मग मालनकडे. मालन काहीच बोलली नाही. श्रद्धा मटकन पायरीवर बसली, बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हसत-रडत म्हणाली, "मेली, वरिसभर साखरपानी पाजलंस दोघांना! आनि मी तुज्याशी बोललं नाय." मालन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने श्रद्धा उठली, रितेशला सांगते म्हणाली, रात्री सगळ्यांनी इकडेच जेवायचं म्हणाली, आणि गेली.

मालन सानिकाकडे वळली. "का गो खोटं बोललंस?"

सानिका वॉकरच्या दांड्याशी चाळा करत होती. "खरं सांगितलं असतं तर मावशी जन्मभर माझ्या पायांकडे बघत बसली असती, आई. मला तोंडाकडे बघणारी मावशी हवीय." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीपण बघू नका, सर. आणि चहा घेऊन जा."